चुलीपर्यंतची नळी

लोक मला विचारतात, "मिस्त्री, आयुष्यात किती घरं बांधलीत?" मी एकही बांधलं नाही. घर गवंडी बांधतो, सुतार त्याला दारं-खिडक्या लावतो. आम्ही नळवाले मागाहून येतो, झालेल्या भिंतींना भोकं पाडतो, गवंड्याच्या शिव्या खातो आणि घरात पाणी आणून निघून जातो. काम चांगलं झालं असेल तर पुढं वीस वर्षं आमची कुणाला आठवण होत नाही. ज्या दिवशी आठवण होते, त्या दिवशी भिंत ओली असते.

नळ घ्यायचा म्हटलं की गिऱ्हाईक तोटीबद्दल बोलतं. तोटी पितळेची हवी, जाड हवी, चकाकणारी हवी. तोटी बसवायला पाच मिनिटं लागतात. खरं काम तिच्या आधीचं असतं. टाकीपासून तोटीपर्यंत पाणी कुठल्या वाटेनं न्यायचं, हे ठरवायचं. सगळ्या तोट्या एकाच नळीवर ओवल्या तर लोखंड कमी लागतं, पण पहिल्या तोटीखाली कुणी बादली लावली की शेवटची रडायला लागते. प्रत्येकीला टाकीपासून वेगळी नळी दिली तर कुणाचं कुणाशी भांडण नाही, पण नळ्या दुप्पट लागतात. नळी भिंतीच्या आत पुरली तर घर देखणं दिसतं, बाहेरून नेली तर दुरुस्तीला सोपी जाते. पिंपरीच्या वसाहतीत एका साहेबांनी माझं न ऐकता सगळी नळी भिंतीत पुरून घेतली. तीन पावसाळ्यांनी त्यांच्या लग्नाच्या फोटोमागची भिंत फुगली. आणि चिंचवडला एका पोस्टमास्तरांना तोटीचं तोंड उत्तरेलाच हवं होतं. मोरी होती उत्तरेच्या भिंतीला, म्हणजे तोटी आपसूकच दक्षिणेकडं बघणार. शेवटी नळी हातभर पुढं काढून तोटी उलटी फिरवून दिली. बादली भिंत आणि तोटी यांच्या फटीत सरकवावी लागे, पण ते खूश होते. गिऱ्हाईक खूश असलं की आपण बोलू नये, असं मला तेव्हा वाटायचं. ते चुकीचं होतं. कसं, तेच आज सांगायचं आहे.

पन्नास सालानंतरची चार-पाच वर्षं असतील. पिंपरीला सरकारी कारखाना उभा राहत होता आणि त्याच्या बाजूला कामगारांची वसाहत. मी तिथं एका ठेकेदाराकडं नळाच्या कामावर होतो. काम शिकलो होतो दापोडीला, खान मिस्त्रींच्या हाताखाली. राहायलाही दापोडीलाच, रेल्वेच्या कडेला एका खोलीत, मी आणि माझी बायको इंदू. रविवारी सुट्टी असली की बाहेरचं एखादं काम घ्यायचो. तेव्हा खाजगी घरात नळ म्हणजे अपूर्वाई होती. गावात नळयोजना नव्हतीच. ज्याची स्वतःची विहीर आणि तेलाचं इंजिन, त्यानंच असली हौस करावी.

अशी हौस केली पिंपरी गावठाणातल्या गेनूभाऊंनी. त्यांची बरीचशी जमीन कारखान्यात गेली होती. उरलेल्या तुकड्यावर, विहिरीच्या कडेला, त्यांनी नवं विटांचं घर बांधायला काढलं. पुढं ओसरी, मग सोपा, त्याच्यावर माडी, मागं स्वयंपाकघर आणि त्याच्या भिंतीला लागून न्हाणीघर. न्हाणीवर सपाट स्लॅब टाकून त्यावर लोखंडी टाकी चढवली होती. इंजिन विहिरीतलं पाणी त्या टाकीत टाकणार आणि तिथून खाली घरात नळ.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गेनूभाऊ विटांच्या ढिगावर बसून तंबाखू मळत होते. पन्नाशीचे, उंच, डोक्याला पांढरा फेटा. गाव कंचं, विचारलं. कराडकडचं, म्हणालो. मग आडनाव विचारलं. म्हणालो, कांबळे. तंबाखू मळायला लागतो त्यापेक्षा जरा जास्तच वेळ त्यांनी ती मळली. मग म्हणाले, "बरं. काम चांगलं हाय म्हणत्यात तुमचं."

एवढ्यात समजायचं ते समजतं. आमच्या गावी विहीर होती, पण आमच्या वस्तीची घागर तिच्यात जात नसे. आई काठापासून लांब घागर मांडून बसायची. कुणाला दया आली की वरून पाणी ओतायचे, नाही आली तर ऊन कलेपर्यंत बसून राहायची. मी मोठा होऊन लोकांच्या घरात पाणी न्यायचा धंदा करतो, हे तिला शेवटपर्यंत नीटसं पटलं नाही. ती विचारायची, आत जाऊ देतात का रे? मी सांगायचो, बांधकाम चाललेलं असतं तोवर देतात. आणि ते खरंच होतं. बांधकामातलं घर सगळ्यांचं असतं. गवंडी बिडी ओढत स्वयंपाकघरातून फिरतो, वाळूचं गाढव सोप्यात येऊन उभं राहतं. वास्तुशांत झाली, चूल पेटली, की मग दार कुणाला आणि ओटा कुणाला हे ठरतं.

गेनूभाऊंच्या डोक्यात नळ कुठं हवेत हे पक्कं होतं. एक न्हाणीत आणि एक ओसरीवर, अगदी दर्शनी. ओसरीच्या नळावर त्यांचा फार जीव होता. त्याचं कारण त्यांनी मला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सांगितलं. जमीन गेली तेव्हा गावातले लोक म्हणाले होते, गेन्या आता कारखान्याच्या दारात हमाली करणार. त्या लोकांना रस्त्यावरून जाताना दिसलं पाहिजे, की गेन्याच्या दारात तोटी फिरवली की पाणी पडतंय. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. माणसाला कुठं ना कुठं ताठ उभं राहावंसं वाटतंच.

अडचण एकच होती. लोखंडाची टंचाई होती, नळ्या सहजी मिळत नसत. गेनूभाऊंनी खटपट करून वीस-वीस फुटांच्या पाच नळ्या मिळवल्या होत्या. टाकी घराच्या मागं आणि ओसरी पुढं. घराला वळसा घालून जायचं तर चार नळ्या ओसरीलाच लागत होत्या. उरलेली एक न्हाणीला. हिशेब बरोब्बर जमत होता. मी कोळशानं भिंतीवर वाट आखली आणि आटे पाडायला सुरुवात केली. आटे म्हणजे नळीच्या टोकाला पाडतात ते पेच. त्यावर गळती रोखायला ताग आणि सफेदा लावून एक नळी दुसरीत घट्ट बसवायची.

दुपारी गेनूभाऊ शेताकडं गेले होते. मी न्हाणीच्या भिंतीला भोक पाडत होतो. गेनूभाऊंची बायको ठकूबाई गवंड्यांसाठी पाण्याची घागर घेऊन आली. ती डाव्या पायानं लंगडायची. काही वर्षांपूर्वी पवना नदीच्या उतारावर डोक्यावर दोन घागरी असताना तिचा पाय सटकला आणि खुब्याचं हाड मोडलं. ते बसलं, पण वाकडं बसलं. तरी रोज चौदा-पंधरा घागरी तिच्याच डोक्यावरून येत होत्या. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा तिनं घागर खाली ठेवली, पदर सारखा केला आणि कोळशाच्या रेघांकडं बघत राहिली. रेघ न्हाणीत जाऊन थांबत होती. भिंतीच्या पलीकडं तिचं स्वयंपाकघर होतं.

"मिस्त्री," ती हळूच म्हणाली, "ही नळी चुलीपातुर येत न्हाई का?"

मी म्हणालो, मालकांनी सांगितलेलं नाही. ती बरं म्हणाली आणि रिकामी घागर उचलून निघाली. तिच्या चालण्यात एक पाय वाजत होता, एक वाजत नव्हता. मी पाना खाली ठेवला. इतके दिवस वसाहतीत काम करत होतो, नकाशा बघून नळ बसवत होतो, पण पाणी कोण वाहतं हे मी कुठल्याच घरात विचारलं नव्हतं. विचारायचो घरमालकाला, आणि घरमालकानं जन्मात घागर उचललेली नसायची.

संध्याकाळी मी गेनूभाऊंपाशी विषय काढला. म्हणालो, ओसरीच्या दोन-तीन नळ्या काढून स्वयंपाकघराला देऊ. टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंत स्वतंत्र उतरती नळी टाकतो, कायम पाणी राहील. ते म्हणाले, ओसरीचा नळ हलणार नाही. मग मी म्हणालो, बरं, न्हाणीच्याच नळीला पुढं तुकडे जोडून स्वयंपाकघरात नेतो. तुकडे माझ्याकडं आहेत. यावर ते राजी झाले. फुकटच मिळतंय तर कोण नाही म्हणेल!

पण त्या वाटेत एक दार होतं. न्हाणीची भिंत ओलांडून नळी स्वयंपाकघरात शिरत होती, आणि मोरी होती परसदाराच्या पलीकडच्या कोपऱ्यात. मधलं परसदार ओलांडायचं तर दोनच मार्ग होते. एक तर उंबऱ्याखालून जायचं, नाहीतर चौकटीवरून. मी उंबऱ्याखालून म्हणालो. गेनूभाऊंनी मान हलवली. उंबऱ्याची पूजा झालेली होती, त्याच्याखाली आता कुदळ लावायची नाही. मग राहिली चौकट. नळी न्हाणीत कमरेइतकी खाली आलेली, ती तिथून पुन्हा दाराच्या डोक्यावर चढवायची आणि पलीकडं खाली उतरवायची.

खान मिस्त्रींनी मला पहिल्या महिन्यात एक गोष्ट सांगितली होती. "पानी को उतार दिखा, चढ़ाव मत दिखा. चढ़ाव पे हवा चोर बैठता है." नळी वर चढून खाली उतरली की त्या उंचवट्यावर हवा अडकते. नळी भरलेली असेपर्यंत काही होत नाही. पण एकदा का टाकी रिकामी झाली आणि नळीत हवा शिरली, की पुन्हा टाकी काठोकाठ भरली तरी पाणी त्या हवेला ढकलू शकत नाही. तोटी नुसती फुसफुसते. हे मला पाठ होतं. आणि तरीही मी नळी चौकटीवरून नेली. मालक म्हणतोय, आपण किती बोलायचं, आणि आपण कोण, असं सगळं त्या वेळी मनात आलं असणार.

चाचणीच्या दिवशी चौकटीवरचा जोड जरा सैल करून मी हवा काढून टाकली आणि मग घट्ट केला. स्वयंपाकघराच्या तोटीला बोटाएवढी धार आली. ठकूबाईनं धारेखाली ओंजळ धरली. ओंजळ भरून सांडायला लागली तरी तिनं हात काढला नाही. गेनूभाऊ बाहेर ओसरीवर रस्त्यानं जाणाऱ्यांना नळ दाखवत होते. निघताना मी त्यांना सांगितलं की टाकी कधी पूर्ण रिकामी होऊ देऊ नका. पण का, ते सांगितलं नाही. सांगायचं तर माझ्या कामातलं वैगुण्य माझ्याच तोंडानं सांगावं लागलं असतं.

वास्तुशांतीला मलाही बोलावणं आलं. गवंडी, सुतार, मी, सगळ्यांना टॉवेल आणि नारळ दिला. तो मान होता, आणि गेनूभाऊंनी तो मनापासून दिला. नंतर गवंडी-सुतारांना ओसरीखालच्या मांडवात बसवलं आणि मला गोठ्याशेजारी घोंगडं टाकून दिलं. मला हे नवीन नव्हतं. सावली बरी होती.

घरात पाहुण्यांची रीघ. मोशीहून गेनूभाऊंची बहीण आणि मेहुणे, सांगवीचे सोयरे, भावकीतली माणसं. सकाळपासून न्हाणीत अंघोळी चालल्या होत्या आणि ओसरीच्या नळावर जो येईल तो पाय धुऊन कौतुक करत होता. पोराबाळांनी तर ती तोटी सोडलीच नाही. टाकी तळाला गेली कधी, हे कुणाच्या लक्षात आलं नाही. इंजिन पुन्हा लावलं, टाकी भरली. ओसरीचा नळ धो धो सुरू झाला, न्हाणीचाही. स्वयंपाकघराचा फुसफुसला आणि गप्प झाला.

आत पुरणाचा घाट चाललेला, आणि बायका नवा नळ बघायला म्हणून मोरीपाशी जमलेल्या. बातमी बाहेर यायला वेळ लागला नाही. मांडवातून उठून लोक आत-बाहेर करू लागले. गोठ्यापाशी बसल्या बसल्या मला सगळं ऐकू येत होतं. भावकीतले एक म्हातारे, गेनूभाऊंचे चुलते, काठी टेकत मोठ्यानं म्हणाले, "नळी कुनाच्या हातची हाय ते आधी बघायचं व्हतं. चुलीचं पानी हाय, खेळ न्हाई."

त्यावर एक-दोघांनी हं केलं. मला वाटलं होतं की एवढ्या वर्षांत मला याची सवय झाली असेल. झालेली नव्हती. पण त्याहून वाईट हे वाटलं, की नळ बंद पडण्यात चूक खरोखर माझीच होती. फक्त ती माझ्या जातीची नव्हती, माझ्या न बोलण्याची होती. आणि हा फरक त्या मांडवात मी कुणाला समजावून देणार?

गेनूभाऊ माझ्याकडं आले. चेहरा उतरलेला. काय झालंय म्हणून विचारलं. मी सांगितलं, नळीत हवा अडकलीय, दहा मिनिटांचं काम आहे, चौकटीवरचा जोड सैल करावा लागेल. त्यांनी विचारलं, बाहेरून जमेल का? मी म्हणालो, जोड आतल्या अंगाला आहे. आत यावं लागेल.

ते तसेच उभे राहिले. मी त्यांना दोष देत नाही. मागं भावकी बघत होती, आत चूल पेटलेली होती, सकाळीच पूजा झाली होती. सुताराला पाठवू का, म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पाठवा, पण जोड जास्त सैल झाला तर सगळी टाकी चुलीवर ओतली जाईल. ते परसदारापाशी गेले आणि मी पिशवी घेऊन त्यांच्या मागं उंबऱ्याच्या बाहेर थांबलो.

ठकूबाई चुलीपुढं बसली होती. भिंतीला हात लावून ती उठली. आधी नवऱ्याकडं बघितलं, मग त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडं.

"घरात पानी आननारा मानूस घराभाईर ठिवला, तर पानी तरी आत कशापायी यील?" ती म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता. मग जावेला म्हणाली, पिठाचं ताट उचल. आणि मला म्हणाली, "मिस्त्री, स्टूल तिथं हाय. चुलीकडनं नगा येऊ, हिकडनं या."

गेनूभाऊ बाजूला झाले. ते हो म्हणाले नाहीत, पण बाजूला झाले.

मी आत गेलो. स्टुलावर चढलो आणि पान्यानं जोड अर्धा फेर सोडला. सापासारखी हवा फुसकारली, बराच वेळ फुसकारत राहिली. मग पाण्याचे थेंब आले, मग एकदम फवारा. सदरा छातीपर्यंत भिजला. जोड आवळला आणि खाली उतरलो. मोरीपाशी गेनूभाऊंची मोशीची बहीण उभी होती. तिनंच तोटी फिरवली. धार आली. कुठल्या तरी पोरीनं टाळी वाजवली आणि आईनं तिला दटावलं.

चुलते आणि आणखी दोघे न जेवता निघून गेले. गेनूभाऊ त्यांना अडवायला फाटकापर्यंत गेले, हात जोडले, पण ते थांबले नाहीत. या एका नळासाठी त्यांनी काय मोजलं, ते मी डोळ्यांनी बघितलं. मला जेवायला गोठ्यापाशीच वाढलं, पण वाढायला ठकूबाई स्वतः आली आणि पोळी वरून टाकली नाही, वाकून पानात ठेवली. वाकताना तिचा खुबा दुखत असणार.

माणसं पांगल्यावर गेनूभाऊ घोंगड्याच्या कडेला येऊन बसले. चूक कुणाची, असं त्यांनी सरळ विचारलं. मी म्हणालो, माझी. नळी चौकटीवरून नेली की असं होणार, हे मला आधीपासून ठाऊक होतं.

"मंग बोलला का न्हाई?"

मी म्हणालो, तुम्ही मालक. ओसरीचा नळ तुम्हाला हवा होता, उंबरा तुम्हाला फोडायचा नव्हता.

त्यांनी काडीनं जमिनीवर एक रेघ मारली. मग म्हणाले, "घराचं मी बोलायचं. नळीचं तुमी बोलायचं. तुमी गप बसला म्हून आज ह्यो दीस बघाया लागला."

एवढं आयुष्य गेलं, पण कामाबद्दल मला इतका मान दुसऱ्या कुणी दिलेला नाही. त्यांना तो मान वाटला असेल की राग, कोण जाणे.

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः ओसरीची तोटी काढायला सांगितली. घराभोवतीच्या चार नळ्या मी सोडवल्या. त्यातल्या दोन टाकीपासून थेट स्वयंपाकघरात नेल्या, दाराच्या वरूनच पण सरळ उतारानं, मधे कुठं चढ नाही. या वेळी बांधकाम चालू नव्हतं. चूल पेटलेली असताना, भाकरी चाललेली असताना मी दोन दिवस त्या स्वयंपाकघरात आत-बाहेर करत होतो. पहिल्या दिवशी मीच अंग चोरून फिरत होतो. दुसऱ्या दिवशी ठकूबाई वैतागून म्हणाली, मिस्त्री, सरका जरा, धूर तुमच्यामुळं कोंडतोय. ओसरीच्या भिंतीला भोक राहिलं, ते गवंड्यानं बुजवलं. लोकांनी गेनूभाऊंची चेष्टा केली, आठ दिवसांत नळ आटला म्हणून. ते म्हणायचे, आटला न्हाई, आत गेलाय.

त्या घरानंतर मी एक नेम केला. नवं घर असेल तिथं आधी घरातल्या बाईला बोलवायचं आणि रिकाम्या घरातून चालायला सांगायचं. सकाळी उठल्यावर कुठं जाता, पाणी कशाला लागतं, भांडी कुठं घासता, पोर कुठं धुता. बायका आधी लाजतात, मग अशा काही बोलायला लागतात की थांबत नाहीत. त्या जिथं जिथं वळतात, तिथं मी कोळशानं खूण करायचो. त्या खुणा जोडल्या की नळीची वाट निघते. इंजिनिअर लोक हसायचे. हसू देत. त्यानंतर मी टाकलेल्या नळ्यांत हवा बसली नाही. चुका दुसऱ्या झाल्या, पण ती चूक पुन्हा झाली नाही.

गावठाणातल्या पुढच्या घरांची कामं कशी आली, हे मात्र मला कळायला वेळ लागला. मी समजत होतो, माझं काम बघून येतात. येत होते ठकूबाईचं स्वयंपाकघर बघून. काही घरांत मला आत घेतलं, काही घरांत वास्तुशांतीच्या आधी काम उरकून घेतलं. एकदम काही बदललं असं मी म्हणणार नाही. पण आत घेणाऱ्या घरांची संख्या वाढत गेली, एवढं मी शपथेवर सांगेन.

त्या वास्तुशांतीनंतर दोनेक महिन्यांनी, उन्हाळ्यात, मी सुट्टीच्या दिवशी घरी होतो. दापोडीच्या आमच्या खोलीचं दार उघडंच असायचं. उन्हातून एक उंच माणूस पत्ता विचारत येताना दिसला. फेट्यावरून ओळखलं. गेनूभाऊ पिंपरीहून चालत आले होते. मी उठून उभा राहिलो. गावठाणातला माणूस आमच्या वस्तीत यायचा तो रस्त्यावरूनच हाक मारायचा. गेनूभाऊ दारातून वाकून आत आले आणि घडी घातलेल्या पोत्यावर बसले.

मोशीची बहीण घर बांधत होती. तिनं नवऱ्याला बजावून ठेवलं होतं, म्हणे, की नळाला पिंपरीच्या वहिनीचाच मिस्त्री हवा. तिथं नळ्या किती लागतील, विहीर किती लांब आहे, असं आमचं बोलणं सुरू झालं. मी विचारलं, ओसरीला नळ हवाय का? गेनूभाऊ म्हणाले, "त्ये राहू द्या. आधी सैपाकघर बघा."

इंदू कोपऱ्यात उभी होती. तिच्यापुढं पेच होता. पाहुणा उन्हातून आलेला, घशाला कोरड पडलेली असणार. पण आमच्या घरचं पाणी पुढं केलं आणि त्यानं नको म्हटलं, तर? असं 'नको' तिनं लहानपणापासून ऐकलेलं होतं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी बोलत राहिलो, नळ्यांचंच काहीतरी.

तिनं तांब्या भरला. आमच्या चाळीच्या नळाचं पाणी, सकाळी रांगेत उभं राहून आणलेलं. गेनूभाऊंच्या पुढ्यात ठेवला आणि ती मागं सरकली.

गेनूभाऊंनी तांब्याकडं बघितलं. फेटा काढून मांडीवर ठेवला. तांब्या उचलून तोंड वर केलं आणि शेवटच्या थेंबापर्यंत पाणी प्याले. मग मिशा पुसल्या आणि रिकामा तांब्या इंदूकडं धरला.

"वैनी," ते म्हणाले, "आनखी एक द्या. लई ऊन हाय."